खेजडीचा बांध आणि रविवारचा सिनेमा

इंग्लंडहून परत आल्यावर रंगनाथ गद्रेला जयपूरची टेकडी मिळाली, आणि पहिले काही महिने तो खरोखरच खूश होता.

टेकडी नाहरगडाच्या रांगेतली. वर टीव्हीचा मनोरा, मनोऱ्याच्या पायाशी दोन खोल्यांचं ठेंगणं केंद्र. खाली चारदीवारीच्या आतलं दाटीवाटीचं शहर, बाहेर नव्या कॉलन्या, आणि पार टोकाला खेजडी बांधाचं पाणी. दिल्लीचा कार्यक्रम या टेकडीवर यायचा आणि इथून शहरभर जायचा. केंद्राचं काम तेवढंच. स्टुडिओ नाही, कॅमेरा नाही, निवेदिका नाही. दिल्लीचं चित्र तुटलं की ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी लावायची, चित्र परत आलं की काढायची. ती पाटी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी लागायचीच.

रंगनाथ मूळचा चिपळूणचा. नोकरी दिल्लीत लागली, लग्नानंतर सुमनही तिकडेच आली, आणि मुलगी आनंदी हिंदी शाळेत वाढली. जयपुरात त्यांनी खातीपुऱ्यात घर भाड्याने घेतलं. आनंदी शाळेत सांगायची की माझे बाबा टीव्हीत आहेत. मग घरी येऊन विचारायची, “बाबा, मतलब तुम्ही टीव्हीत आहात तर दिसत का नाही?”

“मी दिसलो तर समज काहीतरी बिघडलंय,” रंगनाथ म्हणायचा.

इंग्लंडला त्याला सरकारनेच प्रशिक्षणाला पाठवलं होतं. देशाच्या उत्तरेकडच्या एका लहानशा शहरात तिथली प्रादेशिक वाहिनी होती. जाताना त्याची समजूत होती की तिथेही आपल्याकडच्यासारखंच असणार, लंडनने बोलायचं आणि बाकीच्यांनी री ओढायची. तिथे पाहिलं ते वेगळंच. लंडनचे कार्यक्रम तारेवरून यायचे खरे, पण ते जसेच्या तसे पुढे जात नसत. कुठला घ्यायचा, कुठला मागे ठेवायचा, मध्ये आपल्या भागाच्या बातम्या कधी घालायच्या, हे त्या शहरातली माणसं ठरवायची. नियंत्रण खोलीत भिंतभर पडदे. एकावर लंडन, एकावर आपला स्टुडिओ, एकावर प्रत्यक्ष मनोऱ्यावरून बाहेर चाललेलं चित्र. शेजारच्या कपाटाएवढ्या खोलीत एक निवेदिका एका कॅमेऱ्यासमोर बसलेली असायची, प्रक्षेपण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कोणी ना कोणी तिथे असायचंच. दोन कार्यक्रमांच्या मध्ये ती दिसायची, हसायची, हवामान सांगायची. लोक तिला बाजारात ओळखायचे. शहराबाहेरच्या उजाड माळावर त्यांचा मनोरा होता. हिवाळ्यात त्यावर बर्फ धरायचा आणि तुकडे खाली पडायचे म्हणून मेंढ्यांनासुद्धा तिथे चरू देत नसत.

टॉम बेल्शॉ नावाचा जाडजूड, सतत खोकणारा माणूस तिथला पाळीप्रमुख होता. एका संध्याकाळी नदी चढू लागली. लंडनहून लोकप्रिय प्रश्नमंजूषा चालू होती. बेल्शॉने फोन ठेवला, लंडनचं चित्र तोडलं आणि निवेदिकेला इशारा केला. ती पडद्यावर आली आणि संथ आवाजात गल्ल्यांची नावं वाचू लागली. या गल्लीने वर जावं, त्या गल्लीने शाळेत जावं. सगळी यादी तिने पुन्हा वाचली आणि मग प्रश्नमंजूषा पुढे चालू झाली.

“लंडनला विचारलंत?” रंगनाथने विचारलं.

“लंडनहून ही नदी दिसते का?” बेल्शॉ म्हणाला, आणि खोकत चहा आणायला गेला.

हे रंगनाथच्या मनात घर करून बसलं. जयपूरला रुजू झाल्यावर त्याने वरिष्ठांकडे, माथुरसाहेबांकडे, मागणी केली. टेकडीवर एक साधा कॅमेरा द्या, एक लहान खोली द्या. शहराचं काही असेल तर शहराला सांगता येईल. माथुरसाहेब भला माणूस होता. कोणाचं वाईट त्याने केलं नव्हतं, कारण कोणाचं काहीच केलं नव्हतं.

“गद्रेजी,” तो हसत म्हणाला, “आपलं काम दिल्लीचं चित्र डाग न पडता पोचवणं. पोस्टमनने पत्रात स्वतःच्या दोन ओळी घालायच्या नसतात.”

मागणी तिथेच संपली. रंगनाथने ते फार मनाला लावून घेतलं नाही. हाताखाली नंदकिशोर नावाचा चांगला तंत्रज्ञ होता. खेजडी बांधाच्या खालच्या बस्तीत राहायचा, सायकल टेकडीच्या पायथ्याशी लावून वर चढून यायचा. इंग्लंडच्या गोष्टी ऐकायला त्याला फार आवडायच्या. बर्फाची आणि मेंढ्यांची गोष्ट त्याने आपल्या बायकोला, यमुनाला, सांगितली होती आणि तिचा विश्वास बसला नव्हता. त्यांच्या बस्तीत दोनच टीव्ही होते. एक धान्यवाल्या सेठच्या दुकानात, एक कचोरीवाल्याकडे. रविवारी संध्याकाळी सिनेमा असला की अर्धी बस्ती सेठच्या दुकानासमोर बसायची.

“माझी बायको सगळ्यांना सांगते,” नंदकिशोर म्हणायचा, “हा सिनेमा माझा नवरा सोडतो म्हणून.”

त्या जुलैत पाऊस असा लागला की जयपूरची म्हातारी माणसंही गप्प झाली. वाळूची जमीन, पाण्याची सवय नाही. नाले रस्त्यावर आले, रेल्वे थांबली, रेडिओ केंद्राच्या आवारात पाणी शिरून तिथलं प्रक्षेपण बंद पडलं. टेकडीवरचं जनित्र मात्र कोरडं होतं आणि दिल्लीचं चित्र कधी नव्हे ते स्वच्छ येत होतं. वीजही, आश्चर्य म्हणजे, बऱ्याच भागांत टिकून होती.

रविवारी सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच एक लष्करी जीप घसरत-घसरत टेकडी चढून आली. आतून सुभेदार सर्जेराव जगदाळे उतरला. साताऱ्याकडचा माणूस, छावणीतल्या गणपतीत रंगनाथची त्याच्याशी ओळख झाली होती. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

“रंगनाथराव, खेजडीचा बांध काय टिकत न्हाई आता,” तो दारातूनच म्हणाला. “सांडव्याच्या अंगाने माती सुटाय लागलीय. माझी पोरं पोती टाकत्यात, पण त्यात काय दम न्हाई. खाली बस्ती हाय, पलीकडं दोन कॉलन्या. दारोदार जाऊन सांगाय माणसं कुठनं आणू? पोलिसांच्या दोन गाड्या पाण्यात अडकल्यात.”

“किती वेळ आहे?”

“ते बांधाला ठावं. पण अंधार पडायच्या आत लोक हलवाय पायजेत. तुमचं हे यंत्र हाय न्हवं? सांगा की त्यावरनं.”

नंदकिशोर जागेवर उभा राहिला होता. रंगनाथने दिल्लीचा फोन फिरवला, ट्रंक लाइन मेली होती. मग माथुरसाहेबाच्या घरी लावला. फोन लागला. मागे सिनेमातलं गाणं ऐकू येत होतं.

सगळं ऐकून माथुरसाहेब म्हणाला, “सुभेदाराकडे लेखी काही आहे का? कलेक्टरचं?”

“साहेब, बांध फुटतोय.”

“फुटला नाही ना अजून? गद्रेजी, उद्या बांध टिकला आणि शहरात पळापळ होऊन चार माणसं चेंगरली, तर कोण उत्तर देणार? दिल्लीचं प्रक्षेपण तोडायचा अधिकार मलाही नाही. तुम्हाला तर नाहीच. मी कलेक्टरांकडे फोन लावून बघतो. तोवर काही करू नका.”

रंगनाथने फोन ठेवला. सर्जेराव त्याच्या तोंडाकडे बघत होता.

“न्हाई म्हणाले?”

“थांबा म्हणाले.”

रंगनाथ उठला. चाचणीसाठी म्हणून ठेवलेला माइक त्याने टेबलावर ओढला. मग नंदकिशोरकडे वळून म्हणाला, “तू सुभेदारांबरोबर जीपमध्ये जा. घरी जा.”

नंदकिशोर घुटमळला. रविवारच्या पाळीला ते दोघेच होते. चित्र तोडून पुन्हा जोडायला एक माणूस इकडे आणि एक तिकडे लागायचा. एकट्याने केलं तर प्रक्षेपणच पूर्ण बंद पडायची भीती होती.

“मी गेलो तर तुम्ही बोलणार कसं, साहेब?” तो म्हणाला. “आणि रविवार आहे. यमुना आणि माझी अम्मा सेठच्या दुकानासमोरच बसल्या असतील. टीव्ही समोरच आहे. माझ्या आधी तुमचा आवाज पोचेल.”

ते खरंच होतं, किंवा त्या क्षणी तिघांनाही खरं वाटलं. सर्जेराव बांधाकडे निघून गेला.

रंगनाथने हात वर केला, नंदकिशोरने दिल्लीचं चित्र तोडलं. पडद्यावर काहीतरी दिसायला हवं होतं. नंदकिशोरचा हात सवयीने गेला आणि नेहमीची पाटी लागली. रंगनाथने एकदा पाटीकडे पाहिलं आणि माइक तोंडाशी धरला. त्याच्या मनात पाटीबद्दल काहीच आलं नाही. तो शब्द जुळवत होता.

त्याने हिंदीत सांगितलं की खेजडीचा बांध कुठल्याही क्षणी फुटू शकतो. बस्तीतल्या लोकांनी सामान न घेता ताबडतोब देवीच्या मंदिराच्या चढावर जावं. दोन्ही कॉलन्यांतल्या लोकांनी वरच्या मजल्यावर जावं, रस्त्यावर येऊ नये. ज्यांनी ऐकलं त्यांनी शेजाऱ्यांना सांगावं. बेल्शॉच्या निवेदिकेसारखं त्याने सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, बस्तीच्या एकेका गल्लीचं नाव घेऊन. ती नावं नंदकिशोर त्याला शेजारून सांगत होता. सांगून झाल्यावर त्यांनी सिनेमा पुन्हा जोडला.

लगेच फोन वाजला. रंगनाथला वाटलं कलेक्टर कचेरी असेल.

“सिनेमा का तोडलात?” चारदीवारीतून कोणीतरी विचारत होतं. “ऐन वेळी! बाप मरत होता तिचा!”

“तुम्ही सूचना ऐकली नाही का?”

“कसली सूचना?” त्या माणसाने विचारलं, आणि फोन आपटला.

त्यानंतर असे बरेच फोन आले. उरलेल्या सिनेमात रंगनाथने प्रक्षेपण आणखी एकदा तोडलं आणि पुन्हा तेच सांगितलं. बाहेर उजेड होता तोवर दोघं आळीपाळीने दारात जाऊन खाली बघत होते. पावसाच्या पडद्यातून काही दिसत नव्हतं. बांध फुटला तेव्हा टेकडीवर आवाजसुद्धा आला नाही. फक्त शहराच्या त्या टोकाचे दिवे एकदम गेले.

नंदकिशोर उठला आणि उतारावरून पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी सर्जेरावानेच निरोप दिला. यमुना गेली. म्हातारी अम्मा वाचली. बस्तीतली आणखी पुष्कळ माणसं गेली होती, नावं अजून कळायची होती.

रंगनाथ घरी आला तेव्हा त्याच्या अंगावर कालचेच कपडे होते. सुमनने चहा केला, त्याने तो घेतला नाही. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, “मी सांगितलं होतं, सुमन. स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंत ना?”

सुमनने चहाचा कप उचलला. आनंदी दारात उभी होती.

“बाबा, ती खेदवाली पाटी आली ना, तेव्हा आईने आवाज बंद केला,” ती म्हणाली. “त्यात नेहमी घूं घूं येतं ना. आईने मला म्हटलं, तोवर होमवर्क कर.”

“आनंदी, आत जा,” सुमन म्हणाली.

“दुसऱ्यांदा पण?” रंगनाथने विचारलं.

सुमनने मान खाली घातली. “दुसऱ्यांदा मी टीव्हीच बंद केला. मला काय माहीत? त्या पाटीच्या मागून कधी कोणी बोललंय का आजवर?”

ती चिडून बोलत होती आणि रडतही होती. रंगनाथ तिच्याकडे बघत राहिला. इंजिनियरची बायको, टीव्हीच्या माणसाचं घर. इथे आवाज बंद झाला, तर बाकी शहरात काय झालं असेल ते कोणी सांगायची गरज उरली नव्हती. त्या पाटीने लोकांना इतकी वर्षं एकच गोष्ट शिकवली होती, की आता ऐकण्यासारखं काही नाही, तुमची कामं आटपून घ्या. आणि ही शिकवण याच टेकडीवरून, त्याच्याच हाताखालून गेली होती.

चौकशी झाली, पण बांधाची नाही. बांधाचा अहवाल कुठल्या तरी वेगळ्या खात्याकडे गेला आणि तिथेच राहिला. चौकशी झाली ती प्रक्षेपण तोडल्याची. एका कॉलनीत काही लोकांनी सूचना ऐकली होती. ते वरच्या मजल्यावर जाण्याऐवजी स्कूटर काढून रस्त्यावर आले, पुलावर अडकले, दोघे-तिघे जखमी झाले. ‘विनापरवाना प्रक्षेपणामुळे घबराट’ असं त्याचं नाव पडलं. माथुरसाहेबाने सांगितलं की मी थांबायला बजावलं होतं. ते खरं होतं. कलेक्टरांना फोन लागला नाही, असंही त्याने सांगितलं. तेही खरं असावं.

मग नंदकिशोरला बोलावलं. त्याने केस उतरवले होते. वरिष्ठांनी विचारलं, “गद्र्यांना नको म्हणून सांगितलं होतं, हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“तरी त्यांनी तुला चित्र तोडायला लावलं?”

“हो.”

“पाटी कोणी लावली?”

“मी,” तो म्हणाला.

पुढे कोणी काही विचारलं नाही. त्यांना पाटीचं काय ते कळलंच नव्हतं. रंगनाथला वाटलं आपण सांगावं, की लोकांनी ऐकलं नाही याचं कारण ते आहे, आणि उद्या असं पुन्हा झालं तर एक दुसरी पाटी हवी, ज्यावर ‘ऐका’ एवढंच लिहिलेलं असेल. तो तसं बोललाही. साहेबांपैकी एकाने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “गद्रे, तुम्ही आता सूचना देऊ नका. तुमच्या सूचनांनी पुरे झालं.”

रंगनाथची बदली दिल्लीला झाली, सामानाच्या कोठारात. सुटे भाग आले-गेले बघायचं काम. यंत्राला हात लावायचा नाही. टेकडीवर नवा नियम आला, की आणीबाणीत स्थानिक केंद्राला प्रक्षेपण तोडता येईल, मात्र दिल्लीची लेखी परवानगी आधी घ्यावी. माथुरसाहेबाने तो टंकलिखित नियम फोनच्या वर भिंतीला लावून घेतला.

निघायच्या आधी सर्जेराव खातीपुऱ्याच्या घरी येऊन गेला. जाताना म्हणाला, “रंगनाथराव, कचोरीवाल्याकडचा टीव्ही चालू होता बघा. त्याचे हात तेलाचे, त्याने आवाज कमी केला न्हाई. त्याच्याकडची सगळी माणसं देवळाच्या चढावर गेली. वाचली ती.”

“म्हणजे कढई नसती तर तीही गेली असती,” रंगनाथ म्हणाला.

सर्जेरावाने नमस्कार केला आणि तो गेला.

नंदकिशोरकडे जावं की नाही, यावर रंगनाथने बरेच दिवस काढले. शेवटी सुमन म्हणाली, “जा. नाही गेलात तर दिल्लीत रोज जाल.” बस्तीतल्या लोकांना एका शाळेत ठेवलं होतं. वर्गातली बाकं भिंतीला लावून मध्ये चादरींचे आडोसे केले होते. अम्मा कोपऱ्यात पडून होती. नंदकिशोरने सतरंजी झटकून दिली. रंगनाथ बसला.

“सेठने बटण फिरवलं,” नंदकिशोर आपणहूनच सांगू लागला. “म्हणाला, वरून बिघाड आहे, आता वेळ लागेल. यमुना उठली. म्हणाली, तोवर भाकरी टाकून येते. अम्मा बहिणीकडे वरच्या अंगाला गेली. यमुनाने चूल पेटवली असेल. पीठ मळलेलं होतं म्हणे.”

रंगनाथने अम्माकडे पाहिलं.

“मी साहेबांसमोर तुमच्याविरुद्ध बोललो.”

“तू खरं तेच बोललास.”

“हो,” नंदकिशोर म्हणाला. मग त्याने मान वर केली. “साहेब, तुम्ही मला घरी जा म्हणालात.”

“हो.”

“एकदाच म्हणालात.”

रंगनाथने सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

“रेडिओवर, टीव्हीवर, बाहेरच्या लोकांना सगळं दोन-दोनदा सांगायचं असतं, हे तुम्हीच मला शिकवलं,” नंदकिशोर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “मला एकदाच म्हणालात. मी नाही म्हणालो आणि तुम्ही माइक उचललात. तुम्हाला बोलायचं होतं, साहेब. खूप वर्षांपासून बोलायचं होतं. मी गेलो असतो तर बोलता आलं नसतं.”

पलीकडच्या आडोशात कोणाचं तरी मूल रडत होतं. अम्माने कूस बदलली आणि पाणी मागितलं. नंदकिशोर उठला, मडक्यातून पाणी काढून तिच्या तोंडाला लावलं, आणि परत येऊन बसला नाही. तिच्याच जवळ, पाठ करून बसला.

रंगनाथ उठला. त्याने चपला घातल्या. बाहेर ऊन पडलं होतं आणि शाळेच्या पटांगणात बायकांनी चिखलातून काढलेले कपडे वाळत घातले होते. त्यांच्यामधून वाट काढत तो फाटकापर्यंत आला. पहिली ऑटो थांबली तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, “कहाँ?” आपल्याला कुठे जायचं ते रंगनाथला लगेच सांगता आलं नाही. रिक्षावाला कंटाळून पुढे निघून गेला.